चंदनअक्काच्या मेसचं पाणी

शिरवळला चंदनअक्काच्या मेसमध्ये पहिल्यांदा जेवायला बसणारा माणूस दोनदा दचकतो. एकदा भाकरी बघून आणि एकदा पाणी बघून. भाकरी ताटाबाहेर लोंबणारी, आणि पाणी अर्धा गिलास.

"अक्का, पानी वाढलंय का तीर्थ दिलंय?" असं एखाद्या नव्या गड्यानं विचारलं की जुनी मंडळी आमटीत मान घालून हसतात. अक्का तांब्या तसाच धरून उभी.

"पी आदी. संपलं की माग. मागितल्यावर न्हाई म्हनले तर मग बोल."

आणि ती नाही म्हणत नाही, हे खरं. दहा वेळा मागा, दहा वेळा तांब्या घेऊन येते. पण दहाही वेळा अर्धाच.

चंदनबाला सुकुमार मगदूम हे तिचं रेशनकार्डावरचं नाव. गाव कवठे महांकाळ तालुक्यातलं, ढालगावच्या पुढची एक वाडी. वय पन्नाशीला टेकलेलं, अंगानं किरकोळ, आवाज मात्र हायवेवरच्या ट्रकला बाजू घ्यायला लावील असा. घरचं जैन वळण. नळाच्या तोंडाला दुपदरी कापडाचं गाळणं बांधलेलं, आणि स्वतःचं जेवण दिवस मावळायच्या आत. मेसमध्ये अंडं नाही, मटण नाही. "ते खायचं तर हायवेवर जावा, आनि परत येताना तोंड धुऊन या," हा कायदा. तरीही जत, आटपाडी, माण, खटाव, कवठे महांकाळ अशा कोरड्या तालुक्यांतून शिरवळच्या कंपन्यांत आलेले चाळीसेक गडी तिच्याच पंगतीला. कारण भाकरी शाळू ज्वारीची, आणि शाळू गावाकडून बसच्या टपावर येतो.

पाणी प्यायची तऱ्हा बघून अक्का माणसाचा तालुका सांगते. जो गिलास उचलल्यावर आधी तळाकडं बघतो, तो तिच्या भागातला. जो दोन घोट पितो आणि उरलेल्यात बोटं बुडवून उठतो, तो नदीकाठचा.

साईराज असाच नदीकाठचा. वाईचा. अक्काच्या मेसमध्ये तो का जेवतो, हे कोडं होतं. पण भांडायला गुंडासारखा माणूस दुसऱ्या मेसमध्ये मिळाला नसता, हे एक कारण असावं. गुंडा अक्काच्या शेजारच्या वाडीचा. दोघं एकाच कंपनीत, एकाच मशीनवर, वेगवेगळ्या शिफ्टला, त्यामुळं गाठ पडायची ती शिफ्ट बदलताना पंगतीतच.

"आमच्या दारात कृष्णा वाहती," साईराज मिशीवरून हात फिरवत म्हणायचा. "तुमी सांगलीवाले पिता ते पानी आमीच सोडतो."

"सोडता की. आनि ते सांगलीत लोकांच्या सैपाकघरात शिरतंय."

"मग हायच की पानी तुमच्याकडं!"

"आरं येड्या, सांगली वायली, आमी वायले. तिकडं पुलावर पूर बघायला गर्दी, आनि त्याच दिवशी आमी टँकरमागं पळतोय."

"एकाच जिल्ह्यात?"

"एकाच जिल्ह्यात. कलेक्टर सकाळी होड्या धाडतो, दुपारी टँकर."

मेस खदखदायची. अक्का भाकरी थापता थापता म्हणायची, "पश्चिम महाराष्ट्र लय श्रीमंत, ऊसवाला, असं सगळी म्हनत्यात. हाय की. मी बघितलाय. येष्टीच्या खिडकीतनं."

खरंच तिनं तो खिडकीतूनच बघितला होता. दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला चिखलसुद्धा राहिला नाही, तेव्हा नवरा, सुकुमार, आधी शिरवळला आला. चुलतभावाच्या ओळखीनं एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. महिन्यानं मागून ती निघाली, दोन हंडे आणि शाळूचं एक पोतं घेऊन. मिरज सोडली आणि उसाच्या भिंती सुरू झाल्या. इस्लामपूर गेलं, कराड गेलं, भिंती संपेनात. शेजारच्या सीटवरच्या बाईला तिनं विचारलं, "हे पानी कुठनं येतंय?" बाई म्हणाली, "पाटाचं." इतक्या सहज, की चंदनबालाला पुढं काही विचारायचा धीर झाला नाही.

शिरवळला सुकुमारनं भामाबाईच्या चाळीतली खोली घेतली होती. भामाबाई खास शिरवळची, साठीची, गुडघ्यांनी अधू आणि जिभेनं धडधाकट. त्या पहिल्या संध्याकाळी नळ आला. चंदनबालानं हंडे भरले. मग बादल्या, पातेली, कुकर, मिसळणाचा डबा रिकामा करून तोही. शेवटी चहाचे कप नळाखाली धरून बसली. आवाज ऐकून भामाबाई दारात आली.

"अगं ये बाई, लगीन हाय का घरात?"

"पानी आलंय, मावशी."

"मग? उद्या सकाळी बी येतंय."

"आनि सांजंला?"

"सांजंला बी."

"परवा?"

भामाबाईनं गुडघे धरून उंबऱ्यावर बसकण मारली. जरा वेळ त्या भरलेल्या कपांकडं बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "कुठल्या गावची गं तू?"

त्या दिवशी सुरू झालेलं बोलणं अकरा वर्षं चाललं आहे. भामाबाईचा नवरा उभा जन्म मुंबईत माथाडी. "ह्या खंडाळा तालुक्यातनं गाड्या भरून मानसं जायची गं. घरोघरी निस्त्या बायका आनि म्हातारी," ती सांगायची. "मग हायवे रुंद झाला, कंपन्या आल्या, आनि गाड्या उलट्या भरून यायला लागल्या. तुमच्यासारखी." कंपनी उभी राहिली ती भामाबाईच्या बाजरीच्या रानावर. त्या पैशातून ही चाळ. नशिबानं रान हायवेला लागून होतं, एवढंच. ढालगावच्या पुढून हायवे जायचा राहिला.

मेसही ठरवून काढलेली नाही. गुंडा एका दुपारी सुकुमारला भेटायला आला, भाकरीचा वास आला तसा बसलाच. दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन आला. वर्षभरात सुकुमारनं गेट सोडलं आणि विळी घेतली. चाळीस माणसांची भाजी तो एकटा चिरतो, आणि बोलतो फक्त विळीवरून उठल्यावर.

असं सगळं सुरळीत असताना श्रावणात एका सकाळी गुंडा शिफ्ट संपवून आला तो ताटावर बसेचना.

"अक्का, कंपनी कॅन्टीन काढती हाय."

"काढू दे की."

"तसं न्हवं. दोनशे मानसांचं जेवान, निम्मा खर्च कंपनीचा. मग हितं कोन येईल? मी एकटा आलो तरी तुमची चूल पेटायची न्हाई."

अक्काची भाकरी तव्यावर तशीच राहिली. कडा करपल्याचा वास आला तेव्हा सुकुमारनं उठून ती उलटली.

"कुनाला देनार?" त्यानं विचारलं.

"पुन्याचा एक केटरर हाय. पन आमी सायबांच्या कानावर घातलंय, अक्काचं जेवान बघा म्हनून. मंगळवारी चव घ्यायला येत्यात. कीर्ती मॅडम आनि तारिक सर. जमलं तर मेस कॅन्टीनात जाती. न्हाई जमलं तर…" गुंडानं पुढचं बोलायच्या ऐवजी ताट ओढून घेतलं.

दुपारी अक्कानं वाडीला फोन लावला. धाकटी जाऊ प्रीती सगळं ऐकून घेऊन एका दमात म्हणाली, "अक्का, मला न्या. अजून तिघी तयार हायत. बेदाण्याच्या शेडवर दोन महिने हाताला काम, बाकी वरीसभर निस्तं आभाळाकडं बघायचं. मला भाकरी येती, तुमाला ठावं हाय."

म्हणजे आता एका चुलीचा प्रश्न राहिला नाही. पाच चुलींचा झाला.

जेवणाची काळजी कुणालाच नव्हती. काळजी होती ती पाण्याची. रविवारी साईराजनं मेसचा ताबा घेतला. खांद्यावरचा टॉवेल ओढणीसारखा गळ्यात टाकला, पायावर पाय टाकून प्लास्टिकच्या खुर्चीत बसला आणि बारीक आवाज काढला.

"नमस्कार हं काकू. किती छान, किती स्वच्छ! जरा पाणी मिळेल का?"

अक्कानं तांब्या कलता केला. गिलास अर्धा झाला आणि मनगट आपोआप वर आलं.

"अक्काऽ!" साईराजचा मूळ आवाज बाहेर पडला. "कंपनीची मानसं हायत ती! काठोकाठ भरायचा. पुन्यात अर्धा गिलास दिला तर मानसं अपमान समजत्यात."

"बरं बरं. परत बस."

परत तेच. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा अक्कानं दात-ओठ खाऊन ओतलं, तर गिलास भरून टेबलावर सांडलं, आणि तिचा चेहरा असा झाला की जणू दुधाचं पातेलं उतू गेलं. पदरानंच टेबल पुसायला लागली.

"तिला काय बोलू नका," सुकुमार विळीवरून उठला. "आमच्या लग्नाच्या पंगतीत बी अर्धाच गिलास होता. नवरदेवाला सुद्धा. मी दुसरा मागितला तर सासरे खूश झाले."

धर्मानं शिकवलेलं की दुष्काळानं, हे अक्कालाही सांगता आलं नसतं. दोन्हीकडून एकच धडा मिळाला होता आणि तो डोक्यात नव्हता, मनगटात होता.

मंगळवार उजाडला. कीर्ती मॅडम तिशीच्या, पुण्याच्या, बोलायला मऊ. तारिक सर साताऱ्याचे, हातात पाटीला लावलेला कागद, आणि कागदावर रकाने. अक्कानं वांग्याची भाजी, शेंगांची आमटी, मटकीची उसळ, दही आणि गरम भाकरी वाढली. मॅडमनी पहिला घास घेतला आणि मोबाईल उलटा करून ठेवला. दुसरी अर्धी भाकरी त्यांनी स्वतःहून मागितली. तारिक सरांनी तर पेन खिशाला लावलं, जेवताना अडचण नको म्हणून. दाराआडून गुंडानं साईराजला कोपर मारलं.

आणि मॅडमना ठसका लागला. "पाणी…"

अक्का धावली. घाईत माणूस शिकवलेलं विसरतो आणि मुरलेलं करतो. अर्धा गिलास.

मॅडम प्यायल्या, रिकाम्या गिलासाकडं बघून हळूच म्हणाल्या, "इथे पाण्याचा प्रॉब्लेम आहे का हो?"

"न्हाई न्हाई! लय पानी हाय! भरपूर!" म्हणत अक्कानं ते दाखवून द्यायला तारिक सरांचा गिलास ओढला आणि ओतलं. तोही अर्धाच.

साईराजनं दाराआड कपाळाला हात लावला. तारिक सरांनी खिशाचं पेन काढलं.

दोन दिवसांनी गुंडानं निरोप आणला. चव उत्तम. स्वच्छता उत्तम. पाण्याच्या रकान्यात ‘सोय अपुरी’, आणि एक रकाना नापास म्हणून नाव वगळलं.

अक्का परातीतलं पीठ मळत राहिली, मळून झाल्यावरही. शेवटी म्हणाली, "प्रीतीला मीच सांगते. चूक माझ्या हाताची हाय." आणि मोबाईल शोधायला उठली.

तेवढ्यात दारात भामाबाई. भाजीवालीकडून बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"काय लिवलं म्हनं त्यानं? पानी अपुरं? माझ्या घरात?"

"मावशी, तुमच्या न्हवं, मेसच्या…"

"मेस कुनाच्या घरात हाय गं? आँ? अकरा वर्षं तू अर्धा अर्धा गिलास वाढलास, मी बोलले न्हाई. म्हनलं हिची रीत. पन आज शिरवळच्या नळावर आलंय. चल."

"कुठं?"

"माझ्या रानात."

भामाबाई रिक्षानं कंपनीच्या गेटवर गेली. मागं अक्का, पिठाच्या हातांनी. वॉचमननं अपॉइंटमेंट विचारली. भामाबाईनं त्याला खालून वर बघितलं.

"बाबा, तू खुर्ची टाकून बसलायस ना, तिथं माझं खळं होतं. बाजरी मळायचे मी हितं. आत सांग, खळ्याची मालकीन आलीया."

वॉचमननं काय सांगितलं देव जाणे. पण दहा मिनिटांत कीर्ती मॅडम बाहेर आल्या, मागं तारिक सर कागद सावरत. भामाबाईनं त्यांना तोंड उघडू दिलं नाही. "बोलायचं नंतर. आदी बघायचं." आणि त्याच पावली, कंपनीच्याच गाडीतून, सगळ्यांना चाळीवर आणलं.

गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या. भर दुपारचं ऊन. गुडघ्यांमुळं भामाबाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहिली आणि तिथून तिनं कारभार चालवला.

"चढ वर. तू न्हवं पोरी, तो कागदवाला. झाकन काढ. काय दिसतंय?"

"पाणी आहे," तारिक सर वरून म्हणाले.

"किती?"

"भरलीय."

"हात घाल."

"अहो आजी, दिसतंय की…"

"हात घाल म्हनते! कोपरापत्तोर!"

तारिक सरांनी हात घातला. बाही चिंब भिजली. खाली अंगणात दुसऱ्या शिफ्टची वाट बघणारे वीस गडी उभे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता दुसऱ्या टाकीत. मग लिव, काय लिवायचं ते."

कीर्ती मॅडम हसू आवरत अक्काकडं वळल्या. "काकू, एवढं पाणी आहे. मग अर्धा ग्लास का?"

 साईराजनं अक्काला याचं उत्तर काही शिकवलं नव्हतं. ती पिठाचे हात एकमेकांवर चोळत राहिली.

"मॅडम, आमच्याकडं पाहुण्याला भरून गिलास दिला ना, तर त्याला पिववत न्हाई. घरातल्या कुनाचा तरी वाटा आपन पितोय असं वाटतं त्याला. मग तो दोन घोट घेतो आनि तहानलेलाच उठतो. म्हनून आमी अर्धा देतो. बिनघोर प्यावा म्हनून. दुसरा त्यानं मागायचा. त्यानं मागितलं की आमी म्हनायचं, पोटभर प्या. मग त्याचा बी मान, आमचा बी." तिनं गच्चीकडं बघितलं. "हितं पानी हाय, मला कळतंय. अकरा वर्षं कळतंय. हाताला कळत न्हाई."

 सुकुमारनं आतून तांब्या आणि गिलास आणला आणि मॅडमच्या जवळ कट्ट्यावर ठेवला. मॅडमनी स्वतः ओतलं. अर्धा. उभ्या उभ्या प्यायल्या, आणि रिकामा गिलास अक्कापुढं धरला.

"अजून मिळेल?"

अक्काचे डोळे एकदम भरले. तिनं तांब्या उचलला.

"पोटभर प्या," ती म्हणाली.

सगळं काम काही अक्काला मिळालं नाही. संध्याकाळची आणि रात्रपाळीची जेवणं पुण्याच्या केटररकडंच गेली. तसे कागद आधीच झाले होते. दिवसपाळी अक्काकडं, तीन महिने बघून मग पुढं. पण दिवसपाळी म्हणजे सव्वाशे ताटं, आणि सव्वाशे ताटं म्हणजे प्रीती आणि तिघी जणी.

त्या चौघी गणपतीच्या आदल्या आठवड्यात पहाटेच्या एसटीनं आल्या, आणि त्याच दिवशी कॅन्टीन सुरू झालं. पहिल्या दिवशी कॅन्टीनच्या प्रत्येक टेबलावर भरलेला तांब्या होता. ही मॅडमची सूचना. ज्यानं त्यानं हवं तेवढं घ्यावं. भामाबाई उद्घाटनाला म्हणून आली होती आणि आपल्या रानाचा बांध नेमका कुठल्या टेबलाखाली येतो, हे येईल त्याला दाखवत होती. साईराज ताट घेऊन बसला. तांब्या उचलला, गिलास भरत आला, आणि मध्येच त्याची नजर पोळपाटाशी उभ्या अक्कावर गेली. हात थांबला.

समोर बसलेल्या गुंडानं हे टिपलं.

"काय रं? वाईची कृष्णा आटली व्हय?"

"गप जेव," साईराज म्हणाला, आणि जेवढं घेतलं होतं तेवढं तळापर्यंत प्यायला.

जेवणं आटोपली, दुपार कलली. तारिक सर त्यांचा तो कागद घेऊन स्वयंपाकघर तपासायला आले आणि दारातच थबकले. ओट्यावर, ओट्याखाली, फरशीवर, खिडकीत, जिथं जागा होती तिथं पाण्यानं भरलेली भांडी. पातेली, पराती, डबे, झाऱ्यांची बरणीसुद्धा. नळाशी प्रीती पाठमोरी बसलेली, आणि तिच्या हातात चहाची किटली.

"हे काय? उद्या पाणी जाणार आहे का?"

अक्कानं जावेकडं बघितलं. तिला थांबवायला तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"न्हाई सर," ती हळूच म्हणाली. "ती आजच आली हाय."